खांदेमामा

खांदेमामाला माणसाचं तोंड लक्षात राहत नसे, खांदा मात्र तो विसरत नसे. वर्षभर ज्याच्या अंगाला तेल लावलं तो माणूस दिग्रसच्या आठवडी बाजारात समोरून आला, हसला, ‘जय भीम मामा’ म्हणाला, की मामा भाबडेपणानं हात जोडून विचारायचा, ‘‘जय भीम. कोन गावचे जी आपन?’’ समोरचा हिरमुसून चालू लागला की मग मागून हाक यायची. ‘‘अरे थांबा थांबा! तुमी त तेच ना, उजवी बाजू खाली अन् मानेपाशी गाठ? कशी हाय गाठ?’’ भर बाजारात, भाजीवाल्या बायांच्या देखत. माझीही त्यानं एकदा अशीच शोभा केली. मी आडदांड गडी, अंगावर एस.टी.चा खाकी ड्रेस, आणि हा मला ओळखच देईना. रागानं पाठ फिरवली तसा ओरडला, ‘‘अरे, हे त आपले डायवर साहेब!’’ मग मलाच हसू आवरेना.

अंगानं काटकुळा, धोतर गुडघ्यापर्यंत, वर बाह्या कापलेला सदरा. पंजे मात्र दुसऱ्याच कुणा धिप्पाड माणसाचे आणून लावल्यासारखे. त्या पंजांना कायम जवसाच्या तेलाचा आणि जळक्या लसणाचा वास. दिग्रसला एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर कडुनिंब होता. त्याखाली मामाची बाज टाकलेली असे, तोच त्याचा दवाखाना. कापसाच्या गाठी उचलून पाठ धरलेले हमाल, लांबून बैलगाडीत कापूस घेऊन आलेले गाडीवान, मशीनवर वाकून मान आखडलेले शिंपी, सगळे तिथं यायचे. बाळंतिणी आणि तान्ही लेकरं मात्र घरी, गिरजामामीकडे. ती मामाची बायको. बाप्यांची अंगं त्याच्याकडे आणि बायाबापड्यांची तिच्याकडे, अशी त्या दोघांची वाटणी होती.

मी त्याच्या बाजेवर पोचलो तो कापसाच्या पडत्या काळात. बोंडअळीनं शेतं खाल्ली होती, जे वेचून आणलं त्याला भाव नव्हता, आणि आमच्या गाडीत एरवी तिकिटावरून भांडणारी माणसंसुद्धा गुमान बसलेली असायची. तेव्हाच्या गाड्यांचं स्टिअरिंग म्हणजे रोजची कुस्ती. वर्षानुवर्षं ती खेळलो. एके सकाळी केबिनमध्ये चढायला उजवा हात वर केला, तर तो छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. जोर लावून रेटला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. हळूहळू सदऱ्याच्या बाहीत हात घालायलाही मंदा, म्हणजे माझी बायको, लागायला लागली. केस तीच विंचरायची आणि भांग हटकून उलट्या बाजूला पाडायची. ‘‘असाच शोभून दिसतो तुमाले,’’ म्हणायची. मी चिडलो की हसायची, आणि मग मोरीत जाऊन डोळे पुसायची. मला ते दिसत होतं.

पुसदच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, खांदा आखडलाय. आतून आवळून बसलाय. सुटतो, पण महिने घेतो. ‘‘औषध देतो, व्यायाम सांगतो. मालिश करून घ्या. पण झटका देऊन हाड बसवणाऱ्यांच्या नादी लागू नका, असेल तेही जाईल. तुमच्या दिग्रसलाच आहे ना तो जिनिंगपाशी बसणारा? त्याच्याकडे जा.’’ इकडे मला डेपोनं काही महिन्यांची रजा दिली होती. रजेनंतर डेपोत गाडी चालवून दाखवायची, जमलं तर ड्युटी, नाही तर स्टिअरिंगवरून खाली. मग टायरला हवा भरा नाही तर गाड्या धुवा. पगार थोडाफार तोच राहिला असता, तो प्रश्न नव्हता. पण विशीपासून ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्यानं रोज दुसऱ्याला आपल्या गाडीत चढताना बघायचं! मला ते मरणासारखं वाटत होतं. असल्या तिरसट डोक्यानं मी त्या कडुनिंबाखाली गेलो.

मामानं मला बाजेवर बसवलं, मागे उभा राहिला आणि खांद्यावर नुसता तळवा ठेवला. ना दाबणं, ना चोळणं. बराच वेळ गेला. माझा पारा चढायला लागला.

‘‘मामा, झोपले का?’’

‘‘चूप बसा जी. पाहून राह्यलो.’’

‘‘डोळे तर मिटलेले आहेत तुमचे.’’

‘‘खांदा का डोयानं पाह्यतात?’’ तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, माझ्याशी नव्हे तर जणू खांद्याशीच, ‘‘मोडला नाही हा. भ्याला हाय. मांगं कधी तरी दुखलं, तवापासून भेव धरून बसला हाय बिचारा. याले मारून नाही चालनार. याचं भेव काढा लागते.’’

मी मनात म्हटलं, घ्या! डॉक्टरनं कुठल्या बाबाकडे पाठवलं मला! पण तोवर त्यानं माझं मनगट हातात घेतलं होतं. खांदा दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या खांद्याला, एकदा असं पाहून झालं की, तो पहिले काही दिवस हातच लावत नसे. बोटं, मनगट, कोपर, मग पाठीचा खालचा भाग, मग मान. ‘‘दुखऱ्या जाग्यावर डायरेक गेलं त तो अजून आवयते,’’ म्हणायचा. ‘‘पहिले शेजाऱ्यापाजाऱ्याइले इचारा लागते, बा, येऊ का?’’ तेल हातावर घेऊन आधी स्वतःच्या तळव्यात गरम करायचा. सरकी तव्यावर भाजून फडक्यात बांधायचा आणि त्या पुरचुंडीनं शेकायचा. सरकीची ऊब हळूहळू उतरते आणि आत जाते, विटकरीसारखी चटका देत नाही. आणि हे सगळं चालू असताना तोंडानं हळू आवाजात एकच, ‘‘हो रे राजा... हो... हो रे माह्या राजा...’’

हे तो बैलांशी बोलायचा तसं बोलतोय, हे मला पुढे कळलं. मामा मूळचा फुलसावंगीचा. बाप एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आणि त्या घरच्या बैलजोड्या बापाच्या हवाली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जिथं जू घासतं ती जागा गरम पाण्यानं शेकून, तूप-हळद लावून मळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ बाकीचे गडी हे रीत म्हणून उरकायचे. मामाचा बाप बारा महिने करायचा. मामा त्याच्याजवळ उभा राहून शिकला. ‘‘मानसाचं काही खरं नसते,’’ तो सांगायचा, ‘‘दुखलं नाही तरी बोंबलते, अन् दुखलं तरी लपवते. बैल तसा नाही. दुखलं की कातडी थरथरते, बरं वाटलं की मान खाली सोडते. मी बैलावर शिकलो म्हनून मले येते. मानसावर शिकलो असतो त फसलो असतो.’’

बापाची एक गोष्ट तो हात न थांबवता सांगायचा. त्या घरच्या म्हाताऱ्या मालकाची कंबर एकदा अशी धरली की खाटेवरून हलता येईना. बैल बरे करतो तर मला का नाही, म्हणून त्यानं बापाला बोलावणं धाडलं. त्या घरात तेव्हा मामाच्या बापाला पाणी वरून ओंजळीत टाकत. मालकाची खाट गोठ्यात आणून ठेवली होती, म्हणजे घरात यायला नको. बाप गोठ्याच्या दारात उभा राहिला. ‘‘माह्या बापानं सांगतलं, मालक, गोठ्यात बैलाची मालिश करतो मी. मानसाची ओसरीवर करीन. अन् नंतर हात धुवाले पानी तुमच्या रांजनातलं घेईन, माह्या हातानं.’’ दिवसभर म्हातारा अडून बसला. संध्याकाळी कळ सोसेना, तेव्हा खाट ओसरीवर गेली. ‘‘अन् रांजन?’’ मी विचारलं. मामा हसला. ‘‘बापानं चांगले कोपरापासून हात धुतले. दोन-दोनदा धुतले. अन् मंग घोटभर पेला बी.’’ हे सांगताना त्याचा पंजा माझ्या पाठीवर जरा जास्तच जोरात पडायचा.

मालिशीनं काय झालं म्हणाल, तर सगळ्यात आधी झोप आली. दुखणं होतं तिथंच होतं, हात होता तेवढाच वर जात होता, पण कित्येक दिवसांनी मी घोरलो. मंदा म्हणाली, ‘‘तुमचं घोरनं आयकून एवढा आनंद मले लग्नानंतर पहिल्यांदा झाला.’’ मग मान वळायला लागली. मग पाठीतला लोखंडी पत्रा वितळल्यासारखा झाला. श्वास खोल जायला लागला, तो इतके दिवस अर्धाच घेत होतो हे तेव्हा कळलं. डॉक्टरांना दाखवायला गेलो तर तेही म्हणाले, की अंगातला ताण उतरला, रक्त खेळतं झालं, आता व्यायामाला जोर येईल, तिकडे जाणं सोडू नका. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘डाक्टर साहेबानं पकडलं बरोबर. दोघं मिळून लावू तुमाले गाडीले.’’

व्यायाम म्हणजे काय, तर त्यानं मला ताक घुसळायला लावलं! डॉक्टरांनी दोरी कप्पीवर टाकून ओढायला सांगितली होती. मामा म्हणाला, कप्पी-बिप्पी कायले, घरी रवी हाय ना? खांबाला बांधून दोरीची दोन टोकं धरायची, एक हात पुढे, एक मागे, चांगला हात लांबवून. रोज सकाळी मी, खाकी पॅन्ट आणि बनियनवर, ओसरीत बसून ताक करायचो. गल्लीतल्या बायांना तेवढंच पाहिजे होतं. ‘‘डायवर भाऊजी, लोनी आलं का वर?’’ ‘‘मंदाबाई, तुमच्या घरी गवळन कधीची ठेवली?’’ मी शिव्या द्यायचो आणि घुसळायचो. आमच्या घरचं दूध पुरेना, तर मंदा शेजारच्यांचंही विरजण आणायला लागली. त्या काळात आमच्या गल्लीनं ताक विकत घेतलं नाही.

मामा कुणाच्याही अंगाला हात लावायचा असं मात्र नाही. तापलेल्या अंगाला नाही. जेवून आलेल्याला तो परत पाठवायचा. एका व्यापाऱ्याची एकच पोटरी सुजून लाल झाली होती, तो बाजेवर बसून हुकूम सोडत होता, चोळ म्हणून. मामा मागे सरकला. ‘‘हे माह्या हातचं नाही शेठ. दवाखान्यात जा. आत्ता.’’ शेठ त्याला नाही नाही ते बोलला. मामानं ऐकून घेतलं, रिक्षा थांबवली आणि त्याला हात धरून आत बसवलं. नंतर तेलाच्या बाटल्यांना बुचं लावली. ‘‘चोयलं असतं अन् काही झालं असतं त?’’ एवढंच म्हणाला. त्या दिवशी त्यानं मग माझंही अंग धरलं नाही.

तो हंगाम मी त्या बाजेशेजारी बसून बघितला. रजेवरचा माणूस, जाणार कुठं? पूर्वी जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागायची, आता दिवसाला मोजक्या गाड्या यायच्या. हमाल सावलीला पत्ते खेळत बसायचे. आणि मला नवल वाटायचं ते याचं, की काम कमी झालं आणि मामाकडे गर्दी वाढली. मी त्याला म्हटलं, ‘‘मामा, यांनी तर महिनाभर काही उचललं नाही, यांचं काय दुखतं?’’ तो म्हणाला, ‘‘तेच त दुखते. उचलून दुखलेला खांदा खाली येते भाऊ. हे पाहा याइचे, कानाले टेकले हाय. काही येऊन पडन म्हनून वाट पाहून राह्यले.’’ मी बघितलं. खरंच सगळ्यांचे खांदे वर चढलेले होते. पत्ते टाकतानाही.

एकदा महागावकडचा एक माणूस आला. मध्यमवयाचा, स्वच्छ कपड्यांतला. कुठं दुखतं विचारलं तर म्हणाला, सांगता येत नाही. मामानं जास्त विचारलं नाही. डोक्याला तेल घातलं, मान धरली, पाठीवरून हात फिरवायला लागला, आणि तो बाप्या माणूस हमसून हमसून रडायला लागला. हमालांनी पत्ते खाली ठेवले. थोड्या वेळानं तो डोळे पुसत म्हणाला, ‘‘लग्नात हयद लावली होती मामा. त्याच्यानंतर कोनाचा हात नाही लागला अंगाले.’’ खरंच की! आमच्याकडे एवढ्या मोठ्या बाप्याला कोण हात लावतो? आई लहानपणी न्हाऊ घालते ते घालते, मग न्हावी, आणि मग थेट शेवटची आंघोळ. तो माणूस रडता रडता तिथंच झोपला. मामानं दुपारभर दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. पंच्यानं त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत बसला. उठल्यावर त्याला म्हणाला, ‘‘अर्धंच झालं. अर्धं बाकी ठेवलं हाय. उद्या येजा.’’

तो सगळ्यांनाच असं म्हणायचा, अर्धं बाकी आहे, उद्या येजा. मी त्याची थट्टा करायचो, गिऱ्हाईक टिकवायची युक्ती बरी आहे म्हणून. त्या दिवशी थट्टा सुचली नाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. उद्या कुठं तरी जायचं आहे, कुणी तरी वाट बघतंय, हे त्या वर्षांत औषधापेक्षा कमी नव्हतं. मामानं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याला ते पुरतं ठाऊक होतं अशी माझी खात्री आहे.

हंगाम सरला, मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा माणसांची मालिश करत नसे. तो दिवस बैलांचा, सकाळच्या गाडीनं फुलसावंगीला जायचा. त्या वर्षी मी गेलो तर कडुनिंबाखाली बसलेला. ‘‘गेले नाही?’’ ‘‘कोनाकडं जाऊ? मालकाच्या घरच्याइनं इकले बैल. दोन्ही जोड्या.’’ बसून बसून तळव्याला तळवा घासत होता. मला काय वाटलं कोण जाणे, मी सदरा काढला आणि बाजेवर बसलो. म्हटलं, ‘‘मामा, आज मलाच शेका.’’ त्यानं माझ्याकडे बघितलं. मग घरून तूप आणि हळद मागवली. गरम पाण्यानं शेकून खांद्याला तूप-हळद लावली, मळायला लागला, आणि हात थांबले तेव्हा सवयीनं माझ्या कानाशी वाकून बोलून गेला, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’

बोलला आणि जीभच चावली त्यानं. हमाल खो खो हसायला लागले. ‘‘डायवर साहेबाचा बैल केला मामानं!’’ मीही हसलो. मामा मात्र एकदम गंभीर. ‘‘हसता काय बे? आवतन तोंडातून गेलं. आता मांगं नाही घेता येत. डायवर साहेब, उद्या जेवाले या लागते. वहिनीले घेऊन या.’’ घरी मंदाला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. ‘‘मी म्हनतच होती तुमाले इतके वर्स. आता सारं गाव म्हनते!’’ माझी आई तेव्हा हयात होती. तिच्या कपाळावर जरा आठी पडली, त्यांच्या घरी जेवायला म्हणून. मंदा तिला म्हणाली, ‘‘आत्याबाई, ज्याच्या हातानं तुमच्या पोराले झोप लागून राह्यली, त्याच्या हातचं जेवन बाधते का?’’ आम्ही निघालो तेव्हा आईनं लोणच्याची बरणी आणून मंदाच्या हातात दिली.

मामाचं घर एवढंसं, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. गिरजामामीनं पुरणपोळी, कढी, वडे केले होते. मला आणि मंदाला पाटावर बसवून मामा स्वतः वाढत होता, आणि प्रत्येक पोळीवर तूप ओतताना म्हणायचा, ‘‘खांद्यासाठी हाय, खांद्यासाठी.’’ आल्या आल्या त्यानं माझी टोपी खुंटीला अडकवली होती. पोटभर जेवलो, पान खाल्लं, उठलो, बोलता बोलता खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली. मंदा माझ्याकडे बघतेय, तिच्या हातात पानाचा विडा तसाच. गिरजामामी चुलीपुढून उठून उभी. ‘‘काय झालं?’’ मी विचारलं. मंदा म्हणाली, ‘‘अहो, हात!’’ टोपी मी उजव्या हातानं काढली होती. खुंटी माझ्या डोक्याच्याही वर होती.

मंदा तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली. मामानं तिला रडू दिलं. मला म्हणाला, ‘‘आता मुद्दाम नोका करू. भिऊन जाईल पुन्हा. टोपी घाला अन् घरी जा.’’ तेवढ्या बुटक्या घरात ती एकच खुंटी एवढ्या उंचावर कशाला ठोकली होती, हे मी त्याला पुढे विचारणार होतो, ते राहूनच गेलं.

अजून महिनाभर बाज आणि ताक चालूच होतं. मग डेपोत चाचणीचा दिवस ठरला. रिकामी गाडी, शेजारी साहेब बसणार, पुसदच्या रस्त्यानं वळणापर्यंत जायचं आणि परत येऊन गाडी शेडमध्ये रिव्हर्स लावायची. बघतो तर मामा धुतलेला सदरा घालून फाटकात हजर. ‘‘मी बी बसतो.’’ साहेब म्हणाले, चाचणीच्या गाडीत बाहेरचा माणूस बसवता येत नाही. मामा म्हणाला, ‘‘बाहेरचा कोन हाय साहेब? गाडी सरकारची असन, पन खांदा माहा हाय.’’ साहेबांनाही हसू फुटलं. म्हणाले, बसा मागं गुपचूप.

गुपचूप कसला! वळण आलं, मी स्टिअरिंगवर जोर टाकला, की मागून हळूच आवाज, ‘‘हो रे राजा... हो... सावकाश...’’ साहेबांनी मान वळवली. ‘‘हे कुणाशी बोलतात?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्याशीच साहेब, चालू द्या.’’ खांदा कुठंही अडला असता तर तिथं माझं ड्रायव्हरपण संपलं असतं. एका वळणावर आत कुठं तरी कच्चकन झालं, घाम फुटला, आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, ‘‘काही नाही, काही नाही.’’ त्याला मागून कसं कळलं देव जाणे. हात फिरत गेला. शेडमध्ये गाडी रिव्हर्स लावून मी इंजिन बंद केलं तेव्हा साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि मामा मागून खेकसला, ‘‘ओ साहेब! त्या बाजूनं नोका मारू!’’ दुसऱ्या दिवसापासून मी ड्युटीवर.

एवढ्यावर गोष्ट संपती तर बरं होतं. पण पुढच्या हंगामात ती जिनिंग उघडलीच नाही. फाटकाला कुलूप, आवारात गवत. हमाल पांगले, कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, कुणी हैदराबादच्या बाजूला. मी माझ्याच गाडीत त्यांना बसवून बसवून यवतमाळला सोडत होतो. कडुनिंबाखाली बाज होती, मामा होता, आणि बाजेवर माणूस नव्हतं. दुपारच्या फेरीनंतर मी मुद्दाम जाऊन बसायचो, खांदा दुखतो म्हणायचो. तो हात ठेवायचा आणि म्हणायचा, ‘‘खोटं बोलून राह्यले. मस्त हाय हा.’’

एक दिवस तो घरी आला. मुलगा पुण्यात बांधकामावर होता, तिकडे बोलावत होता. ‘‘जातो म्हनतो.’’ मी भडकलो. काय नाही नाही ते बोललो. इथं काय कमी आहे, पुण्यात तुम्हाला कोण ओळखतं, तिथं खोलीत कोंडून पडाल म्हणून. त्यानं शांतपणे ते दोन पंजे माझ्यापुढे धरले. बोटं जरा आत वळली होती, पूर्ण उघडत नव्हती. ‘‘अंग नाही भेटत आता याइले,’’ म्हणाला. ‘‘बसून बसून हे बी आवयून राह्यले. तिकडं मोठं गाव हाय, लय मानसं हाय, दुखत असनच ना कोनाचं काही?’’ मंदा चहा करायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

ज्या दिवशी निघाला त्या दिवशी यवतमाळची फेरी मी मागून घेतली. दोघं माझ्या मागच्याच सीटवर बसली. मामी खिडकीशी, पायाशी एक गाठोडं आणि तेलाच्या बाटल्यांची पिशवी. दारव्ह्याला गाडी थांबली तेव्हा मी दोघांना चहा पाजला. यवतमाळला उतरल्यावर मी त्याचं गाठोडं उचललं तर ओरडला, ‘‘डाव्या खांद्यावर घ्या!’’ मी ऐकलं नाही. उजव्यावरच घेतलं आणि पुण्याच्या गाडीच्या फलाटापर्यंत नेऊन ठेवलं. त्यांच्या गाडीला अजून वेळ होता, माझी परतीची वेळ झाली होती. मी वाकून दोघांच्या पाया पडलो. मामा घाबराघुबरा झाला, ‘‘अरे ड्रेसवर हाय तुमी, असं नाही करत,’’ म्हणत मला उठवायला लागला.

यवतमाळच्या स्टँडवर गाडी फलाटाला नाक लावून उभी असते. निघायचं तर रिव्हर्स घ्यावी लागते, आणि रिव्हर्स घ्यायची तर उजव्या खांद्यावरून वळून मागे बघावं लागतं. मी केबिनमध्ये चढलो, गिअर टाकला, वळलो. पलीकडच्या बाकावर दोघं बसली होती. मामी पिशवीत काही शोधत होती, मामा माझ्याच गाडीकडे बघत होता. मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, अगदी शेवटपर्यंत, आणि मनात म्हणत होतो, अड रे मेल्या, एकदा तरी अड. तू अडलास तर तो बाकावरून उठेल, धावत येईल, जायचं राहू देईल. खांदा काही अडला नाही. मामानं तो कायमचा बरा करून ठेवला होता.